गावी राहावे की शहरी जावे?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा पूर्वसूरींचे स्मरण व्हावे, देणगीदारांचा सत्कार व्हावा, ही रीत आहे आणि ती सर्वथा योग्यच आहे. परंतु रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर समाजाच्या बहुतेक घरांतून चोविहारानंतर ओटीवर जो विषय निघतो आणि कोणी तरी उठून आत गेल्यामुळे बहुधा अर्धाच राहतो, तो सुवर्णमहोत्सवातही टाळून चालणार नाही. मुंबईला जाऊन राहावे की गावीच राहावे, हा तो विषय.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. स्थलांतर या समाजाला नवे नाही. किनाऱ्यावरच्या बाजारपेठांत आज ज्यांची कापडाची, किराणामालाची, सोन्याचांदीची दुकाने आहेत, त्यांचे पूर्वज मारवाडातील गोडवाड प्रांतातून, गुजरातेतून, कच्छ-काठेवाडातून आले. कोणी खांद्यावर कापडाचे गाठोडे टाकून गावोगाव फिरले, कोणी नातेवाइकाच्या पेढीवर राहिले, आणि पुढे स्वतःचे दुकान थाटले. तिसऱ्या पिढीत घरची बोली मारवाडी वा गुजराती राहिली, पण हिशेब, भांडण आणि थट्टामस्करी मराठीत होऊ लागली. गोडवाडातील त्या मूळ गावी आज गेले तर मोठमोठ्या हवेल्या आणि त्यांहून मोठी देरासरे दिसतात. पुष्कळ हवेल्यांना वर्षभर कुलूप असते. ध्वजेच्या दिवशी मुंबई-पुण्याहून, दक्षिणेतून कुटुंबे येतात, दोन दिवस गाव गजबजते आणि पुन्हा कुलपे लागतात. गाव सोडल्यावर गावाचे काय होते, हे या समाजाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

जाऊ इच्छिणाऱ्यांचे म्हणणे आधी ऐकावे, कारण ते पोकळ नाही. तरुणांचे पहिले कारण पूर्वी शिक्षण हे असे. आता त्यात थोडा फरक पडला आहे. लोणेरे येथे १९८९ साली तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले, अलिबागला २०२१ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पदवीपुरते शिक्षण तर जिल्ह्यात केव्हापासूनच मिळते. प्रश्न पदवीनंतरचा आहे. सी.ए. होऊ पाहणाऱ्या मुलाला मोठ्या पेढीत आर्टिकलशिप हवी असेल तर त्याला मुंबई गाठावी लागते, आणि दोन वर्षे मुंबईत काम केलेला मुलगा गल्ल्यावर बसायला परत येत नाही. वडिलांना याचे वाईट वाटते, पण त्याच वडिलांनी त्याला दुकानात बसू न देता अभ्यासाला बसवले होते, हेही खरे.

दुसरे कारण विवाहाचे. मुलीकडची मंडळी स्थळ पाहताना कुळ, स्वभाव, व्यवसाय या आधी एकच गोष्ट विचारतात, मुंबईत जागा आहे का? उत्तर नाही असे आले की बोलणे तिथेच थांबते. चांगले दुकान, स्वतःचे घर, निर्व्यसनी मुलगा, असे सगळे असून तिशी उलटलेले तरुण किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावी आहेत. यावर मुलींना दोष देण्याची एक पद्धत पडली आहे. ती न्यायाची नाही. ज्या वडिलांनी आपली लेक मुंबईत दिली, त्यांचीच अपेक्षा असते की सून मात्र गावी नांदावी. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवतात की जमेची आणि नावेची बाजू जुळली पाहिजे. ही नोंद कोणत्याही वहीत जुळणार नाही.

सभांतून बहुधा पुरुषच बोलतात, म्हणून स्त्रियांचे मत वेगळे सांगणे आवश्यक आहे, आणि तेही एकसारखे नाही. शिकलेली सून म्हणते की गावात तिच्या पदवीला शाळेतील नोकरीपलीकडे वाव नाही आणि ती नोकरीही सहज मिळत नाही; शहरात निदान स्वतःच्या पायावर उभे राहता येते, आणि भाजी आणायला गेल्याची बातमी घरी परतण्यापूर्वी घरी पोहोचत नाही. तिच्याच सासूचे म्हणणे निराळे. देरासर चार पावलांवर, शेजारीण हाकेच्या अंतरावर, अंगणात विहीर आणि पापड वाळत घालायला ऊन, हे सोडून दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दूरदर्शन संचासमोर बसण्याची शिक्षा कशासाठी, असा तिचा प्रश्न असतो. दोघीही खऱ्या आहेत. अडचण एवढीच की निर्णयाच्या दिवशी दोघींपैकी कोणालाही सहसा विचारले जात नाही.

तिसरे कारण प्रकृतीचे. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर काय, हा प्रश्न साठीनंतर प्रत्येक घरी असतो. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, परंतु हृदयाचा वा मेंदूचा गंभीर विकार उद्भवला की रुग्णाला घेऊन पनवेल किंवा मुंबईकडे धावावे लागते. मुरुड-श्रीवर्धनच्या माणसाला तर त्याआधी घाटवळणे. गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि दशक उलटून गेले तरी रेंगाळत राहिले. पावसाळ्यात गेटवे ते मांडवा ही बोटसेवा बंद असते. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली खरी, पण ती रोह्याहून माणगावकडे आतल्या बाजूने गेली; किनारा तिच्या वाट्याला आला नाही. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन जो मुलगा शहरात गेला, त्याला स्वार्थी म्हणण्याआधी त्या एका रात्रीचा विचार करावा.

धर्माचा मुद्दा राहण्याच्या बाजूने मांडला जातो, पण तोही एकतर्फी नाही. मुंबईच्या उपनगरांत देरासर, उपाश्रय, आयंबिल शाळा, पाठशाळा सर्व काही आहे. मोठमोठ्या आचार्य भगवंतांची प्रवचने तेथे चालतात. गावी पाठशाळेत चार मुले आणि शिकवणारे गुरुजी आठवड्यातून एकदा, अशी स्थिती असताना शहरात धर्म बुडतो असे म्हणणे धाडसाचे होईल.

मग राहणाऱ्यांच्या बाजूला काय उरते? स्वच्छ हवा आणि शांतता, हे उत्तर सर्वांच्या तोंडी असते. त्यावरून एक गंमतीची पण खरी गोष्ट सांगण्यासारखी आहे. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवण्यात आली, कारण मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार होत्या आणि त्या विजेने उपकरणांची सुई हलणार होती. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी तेव्हापासून अलिबागला चालते. शंभर वर्षांपूर्वी यंत्रांनाही जी मुंबई सोसवली नाही, ती सत्तरीच्या माणसाला सोसेल असे कसे समजावे! परंतु हवेने पोट भरत नाही, आणि शांततेवर कोणी मुलगी देत नाही. राहणाऱ्यांची खरी जमा वेगळी आहे, आणि ती व्यापारात दिसते.

कापडाचा धंदा घेऊ. पूर्वी बोटीने मुंबईला जायचे, मुळजी जेठा मार्केट आणि मंगळदास मार्केटमध्ये माल पाहायचा, गाठी बांधून आणायच्या, हा परिपाठ होता. हा प्रवास निर्धोक नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. किनाऱ्यावरच्या गावांत त्या दिवसाची आठवण पुढे कितीतरी वर्षे निघत असे. आणलेला माल गावी खपे तो लग्नसराईत, गौरी-गणपतीत आणि शिमग्याला. गणपतीला चाकरमानी मुंबईहून येई, घरच्यांना कपडे घेई आणि मागची उधारी चुकती करी. किनाऱ्यावरच्या दुकानांचे भांडवल एका अर्थी गिरणगावात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि कोकणात येणाऱ्या मनीऑर्डरी आटल्या. त्या वर्षी उधारीच्या वह्या जाड झाल्या. ज्यांच्याकडे तीन पिढ्यांची ओळख होती त्यांची उधारी सांभाळून घेतली गेली, आणि पुष्कळांनी ती पुढे फेडलीही. ही पत शहरात मिळत नाही. शहरात ग्राहकाचे नाव माहीत नसते आणि दुकानदाराचे भाडे मात्र महिन्याच्या पहिल्या तारखेला द्यावेच लागते.

अर्थात ही जमाही आता घटते आहे. थळच्या खत कारखान्याने १९८५ पासून पगारदार ग्राहक दिला, तसा नवा ग्राहक पुन्हा आला नाही. शनिवार-रविवारी मुंबईहून येणारा पर्यटक समुद्र पाहतो, जेवतो आणि जातो; तो लुगडी आणि शर्टपीस घेत नाही. लग्नाचा बस्ता बांधायला गावचेच लोक दादर-पनवेलला जातात आणि उरलेली खरेदी मोबाइलवर होते. तेव्हा दुकान आहे म्हणून राहा, असे मुलाला सांगताना दुकानाचा ताळेबंद त्याच्यापुढे उघडा ठेवावा. आकडे झाकून केलेला आग्रह टिकत नाही.

२०२० या एका वर्षाने दोन्ही बाजूंना एकाच वेळी साक्ष दिली. मार्चअखेर टाळेबंदी झाली आणि मुंबईतील कोंडलेल्या खोल्यांतून माणसे मिळेल त्या मार्गाने गावी येऊ लागली. १८९६ च्या प्लेगमध्येही मुंबई अशीच रिकामी झाली होती. ज्यांनी गावचे घर विकले नव्हते, त्यांना दार उघडायला जागा होती. ज्यांनी विकले होते, त्यांना नातेवाइकांच्या ओटीवर दिवस काढावे लागले, आणि तेही पहिले चौदा दिवस सर्वांपासून दूर. गावच बरे, असे सर्वजण म्हणू लागले. पण दोन महिने होतात न होतात तोच, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून हाती सुपारी येण्यास सहा-सात वर्षे तरी लागतात. पन्नाशीच्या बागायतदाराने पुन्हा लावायचे ते कोणासाठी, हा प्रश्न त्यांच्या मुलांनीच विचारला आणि काहींनी शहराची वाट धरली. बागायतदाराकडे पैसा नसला की बाजारपेठेतही नसतो. त्यामुळे त्या वर्षीच्या अनुभवावरून गाव सुरक्षित की शहर सुरक्षित, हे ज्याने त्याने आपल्या सोयीप्रमाणे ठरवले.

येथे एका आकडेवारीकडे लक्ष वेधणे उचित होईल. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रायगडची मात्र २२ लाखांवरून २६ लाखांवर गेली. हा आकडा पाहून कोणी म्हणेल, रायगड सोडून कोण जातो? परंतु या वाढीचा मोठा भाग पनवेलकडचा आहे, म्हणजे शहर जिल्ह्यात आले म्हणून झालेली ती वाढ आहे. किनाऱ्यावरच्या जुन्या बाजारपेठांतील बंद दारे तीत मोजलेली नाहीत.

आणि शहर अजून पुढे सरकते आहे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली. मोटारीसह तासाभरात पलीकडे जाता येते. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा शेवा हा जवळजवळ २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ मध्ये सुरू झाला. आता राहायचे कोठे यापेक्षा जमीन विकायची काय, हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. मांडवा, किहीम, आवास येथील वाड्या मुंबईच्या धनिकांनी घेतल्या, हे सर्वजण पाहतात. एक एकर विकून मुंबईच्या उपनगरात दोन खोल्या घेणारा आनंदात असतो, पण तो एका गोष्टीचा हिशेब करीत नाही. उपनगरातील त्या दोन खोल्या विकून पुन्हा किनाऱ्यावर एक गुंठाही घेता येणार नाही. शहरात जाण्याचा रस्ता दुहेरी आहे. जमीन विकल्याचा रस्ता एकेरी आहे. मुलगा जाऊ दे, सून जाऊ दे, प्रसंगी आईवडीलही जाऊ देत, परंतु निदान दहा वर्षे घर मोडू नये, असे अनेक अनुभवी व्यापारी सांगतात, आणि त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. घराला भाडेकरू ठेवता येतो, एक खोली स्वतःसाठी राखता येते. घरपट्टी आणि पावसाळ्यापूर्वीची कौलांची डागडुजी, एवढ्या खर्चात परतीची वाट खुली राहते.

सर्वांनीच गाव सोडले तर काय होते, याचे उदाहरण याच किनाऱ्यावर आहे आणि ते जाणून घेण्यासारखे आहे. नवगाव, किहीम, झिराड, रेवदंडा, पेण, रोहा या गावांतून बेने इस्राएल समाज शतकानुशतके राहिला. तेलाचा घाणा चालवणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. भाषा मराठी, पेहराव इथला, आणि आडनावेही इथलीच, पेणकर, दिवेकर, किहिमकर, रोहेकर, झिराडकर. अठराव्या शतकापासून ही कुटुंबे नोकरी-व्यवसायासाठी मुंबईला जाऊ लागली. १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. तरीही बराच काळ गावची घरे आणि गावची प्रार्थनामंदिरे नांदती होती; अलिबागचे मागेन आबोथ सिनेगॉग १८४८ चे. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झाले आणि नंतरच्या दशकांत कुटुंबामागून कुटुंब तिकडे गेले. जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा निर्णय त्याच्यापुरता योग्य होता, मुलांचे भले त्यात होते. परंतु त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष उपस्थित असावे लागतात असा नियम आहे. दहावा माणूस गेल्यावर उरलेल्या नऊजणांनी काय करायचे? त्या नऊजणांनी तर कोठेही जाण्याचे ठरवले नव्हते. आज अलिबागचे आणि रेवदंड्याचे सिनेगॉग उभे आहेत, इस्राएलहून पाहुणे येतात, आजोबांचे गाव पाहतात, मराठीत बोलतात आणि डोळे पुसत परत जातात. त्यांना बोलवणारी, दार उघडून देणारी माणसे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत.

जैन समाजात दहाजणांचा नियम नाही. एकटा श्रावकही प्रक्षाल-पूजा करू शकतो, आणि पुजारी ठेवून देरासर चालवताही येते; आज अनेक ठिकाणी तसेच चालते. परंतु पगारी माणसाने होत नाही असे एक काम आहे. साधू-साध्वी भगवंत वाहनात बसत नाहीत. त्यांची गोचरी श्रावकांच्या घरून होते, आणि विहारात रात्रीच्या मुक्कामाला उपाश्रय किंवा एखादे घर लागते. ज्या अटल सेतूने मुंबई इतकी जवळ आणली, त्यावर पायी चालण्यास मनाई आहे. रो-रोचाही त्यांना उपयोग नाही. त्यांच्यासाठी अलिबाग आजही तेथेच आहे जेथे शंभर वर्षांपूर्वी होते. पनवेलहून पेण, पेणहून वडखळ, मग पोयनाड, आणि पुढे किनारा. या वाटेवरच्या गावांतील घरे एकेक करून बंद झाली तर मुरुड-श्रीवर्धनकडे चातुर्मासासाठी कोणीही येऊ शकणार नाही, मग तिथल्या ट्रस्टपाशी कितीही निधी असो. पेणमधील एका कुटुंबाने भायंदरला जाण्याचे ठरवले, याचा परिणाम मुरुडच्या पर्युषणावर होतो. पण पेणच्या त्या कुटुंबाला हे कोणी सांगितलेले नसते, आणि सांगितले तरी त्यांनी मुलाचे शिक्षण का थांबवावे?

सबंध कुटुंबाने उठून न जाता मुलांना शहराची संधी मिळावी, हा विचार समाजाच्या धुरीणांनी फार पूर्वी केला होता. आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने १९१५ साली मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले. खेड्यापाड्यांतील, छोट्या शहरांतील किती तरी मुले तेथे राहून डॉक्टर, इंजिनिअर, वकील झाली. त्यांचे आईवडील गावचे दुकान चालवीतच राहिले. किनाऱ्यावरच्या चार-पाच ट्रस्टनी मिळून नवी मुंबईत एखादी जागा घेतली, मुलांसाठी आणि तितकीच मुलींसाठी, तर आर्टिकलशिपच्या दोन वर्षांसाठी घर हलवण्याची वेळ अनेकांवर येणार नाही. रुग्णाबरोबर गेलेल्या नातेवाइकांनाही तेथे दोन दिवस टेकता येईल. सुवर्णमहोत्सवी निधीचा विनियोग ठरवताना नव्या कमानीच्या आधी या जागेचा विचार व्हावा. कमानीवर नावे कोरता येतात हे मान्य. वसतिगृहाच्या भिंतीही नावांसाठी पुरेशा मोठ्या असतात.

दुसरे काम याहून पुष्कळ स्वस्त आहे. पनवेलपासून श्रीवर्धनपर्यंतच्या विहारमार्गावर कोणत्या गावी किती घरे आज उघडी आहेत, कोणते घर बंद आहे आणि त्याची किल्ली कोणापाशी असते, कोठे गोचरीची सोय होईल आणि कोठे फक्त मुक्कामाची, अशी एकत्रित यादी करून ठेवावी. त्यासाठी चार तरुण आणि एक मोटार पुरेशी आहे. शहरात गेलेल्यांनीच हे काम अंगावर घ्यावे. सुट्टीच्या दिवशी ते येतातच. यादी येत्या पर्युषणापूर्वी झाली, तर पुढच्या चातुर्मासाची विनंती करायला जाणाऱ्या मंडळींना वाटेतील मुक्काम सांगता येतील.

जय जिनेंद्र!